बूटवाले आणि बिनबूटवाले

४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं येऊन पडलीत आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही, म्हणून तू चिडली असशील. पण आज तुला एक गुपित सांगता येणार आहे. इतके महिने तू विचारायचीस, कुठल्या सिनेमाचं काम चाललंय, आणि मी हवापाण्यावर घसरायचे. करारात तशी अटच होती. आता सिनेमा लागला, त्यामुळे घरी सांगायला हरकत नाही. ते पाच जाडजूड खंडांचं जादूच्या राज्याचं पुस्तक आठवतं? शाळेत असताना जेवतानाही मी ते मांडीवर घेऊन बसायचे आणि तू काढून फ्रिजवर ठेवायचीस, तेच. त्या पुस्तकाचा हा सिनेमा. त्यातला डोंगर, खिंड, खिंडीतलं वजनकाट्याचं घर, सगळ्याची छोटी मॉडेल्स आमच्या वर्कशॉपमध्ये झाली. काट्याचं घर तर जवळजवळ माझ्या एकटीच्या हातचं.

तू पुस्तक वाचलेलं नाहीस म्हणून थोडक्यात सांगते. तिसऱ्या खंडात डोंगरापलीकडे जायला एकच खिंड असते. तिथे एक म्हातारा काटेकरी भला मोठा तराजू घेऊन बसलेला असतो. नियम असा, की पारड्यात काहीतरी पडून ते खाली गेलं तरच फाटक उघडतं. नायिका तिथे पोचते तेव्हा तिच्याजवळ काही म्हणता काही उरलेलं नसतं. वाटेत भेटेल त्याला देत आलेली असते. म्हातारा आधी तिला पाटीवरचा नियम मोठ्याने वाचायला लावतो. मग पाठ फिरवतो, एका पायातला बूट काढतो आणि पारड्यात ठेवतो. फाटक उघडतं. बस, एवढंच. पुढे त्याचा उल्लेखही नाही. फक्त एका ठिकाणी कोणीतरी सांगतं, की खिंडीत बर्फातून एका पायाने अनवाणी फिरणारा म्हातारा पाहिला.

आई, तो प्रसंगच कापला गं. आम्हा सगळ्यांना पहिल्या खेळाला नेलं होतं. एका रांगेत बसलो होतो, अगदी लग्नातल्या फोटोसारखे. मुलगी खिंडीपाशी आली, कॅमेरा वर आभाळाकडे गेला, आणि खाली आला तेव्हा ती पलीकडे पोचलेली. शेजारी आमचा रंगकाम करणारा बसला होता. त्याने पॉपकॉर्नचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. पुढचा सिनेमा मी पाहिला असं म्हणता येणार नाही.

तो बूट अंगठ्याच्या पेराएवढा होता. चामडं कुठलं वापरलं सांगू? निघताना तू मला तुझी जुनी पर्स दिली होतीस ना, तिच्या आतल्या कप्प्याचं. बाहेरचं फार जाड पडत होतं.

हे बाबांना सांगू नकोस. ते म्हणतील, दात सोडून बूट शिवायला गेली आणि तोही कापला गेला. आणि एक चौकशी कर. दंतवैद्यकाच्या कॉलेजात चौथ्या वर्षी सोडून गेलेल्यांना परत घेतात का? नुसतं विचारून ठेव. लगेच माझा दवाखाना उघडल्यासारखी आनंदून जाऊ नकोस.

एक गंमत मात्र आहे. पुस्तकवेड्यांच्या एका वेबसाइटवर या कापलेल्या प्रसंगावरून घनघोर युद्ध पेटलंय. प्रसंग हवा होता म्हणणारे ते बूटवाले, आणि कापला ते बरं झालं म्हणणारे बिनबूटवाले. मीही एका टोपणनावाने तिथे जाऊन बसलेय. वर्कशॉपमधली आहे हे सांगायची परवानगी नाही, त्यामुळे नुसती एक वाचक म्हणून भांडते. तेवढंच बरं वाटतं.

तुझी माया इथे पोस्टाने सुद्धा पोचते. पाठवत राहा.
तुझी,
ठकी


१२ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात काउंटरखाली धरून वाचलं आणि एका गृहस्थांना उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवून दिली. बिचारे फिरून परत आले. चूक तुझ्या सिनेमावाल्यांची, पण बोलणी मी खाल्ली.

वाईट वाटलं गं. मला त्या पुस्तकातलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्या पर्सचा बूट झाला आणि तो लोकांना दिसला नाही, एवढं कळलं. जिने केला तिने तो पाहिलाय, असं म्हणून तुझं समाधान होणार नाही हेही मला माहीत आहे. माझंही झालं नसतं.

कॉलेजात विचारीन. पण तू सिनेमावर रुसून दातांकडे जाणार असशील तर दात काही तुझे लाड करणार नाहीत. महिनाभर थांब. मग मी स्वतः जाऊन विचारते.

आता माझी काळजी ऐक. तुझ्या बाबांचं काहीतरी बिनसलंय. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून माणूस दुपारी झोपायचा. आता जेवण झालं की आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसतात आणि दार लावून घेतात. आणि बसण्याआधी शर्ट बदलतात! ऑफिसला जायचे तो, इस्त्रीचा. परवा माझी अर्धी सुट्टी होती म्हणून लवकर आले, तर आतून टकटक टाइप केल्याचा आवाज आणि मधूनच मोठ्याने ‘निलंबन’ असा शब्द. कोणाचं निलंबन, विचारलं तर म्हणाले, जुनं प्रकरण आहे. लायब्ररीतून एक विटेएवढं पुस्तक आणलंय, त्याला खाकी कव्हर घातलंय. काय वाचताय विचारलं तर म्हणे, नियमांचं आहे.

कोणी यांना कसल्या खोट्या भानगडीत तर ओढलं नसेल ना? आयुष्यभर लोकांचे दावे तपासले, नामंजूर केले, आता कोणीतरी त्याचा सूड उगवत असेल असंही मनात येऊन गेलं. शिवाय डोळ्यांचा नंबर वाढलाय हे मला चालण्यावरून कळतं, पण तपासायला येत नाहीत. घरात चष्म्याच्या दुकानातली बायको असून.

तुझ्याबद्दल ते अजून मला ‘तिला सांग’ एवढंच म्हणतात. परवा म्हणाले, तिला सांग थंडी वाढणार आहे. सांगितलं.

बाकी सगळं ठीक. पत्र लवकर लिही, नाहीतर मी आणखी कोणाला तरी उलटी काच बसवीन.
तुझी,
आई


२० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं वाचून मलाही चैन पडेना. निलंबन काय, खाकी कव्हर काय! त्यांना डॉक्टरकडे ने, आणि बँकेतून कोणी फोन करतंय का तेही बघ. मी फोन केला असता, पण गेल्या वेळी मी ‘बाबा’ म्हटल्यावर त्यांनी रिसीव्हर तुझ्या हातात दिला होता. तसंच परत झालं तर दिवसभर मला काम सुचणार नाही.

तुझं मन रमावं म्हणून आमच्या युद्धातली एक हकीकत सांगते. आमच्या चर्चेत एक नवा भिडू आलाय. टोपणनाव ‘निवृत्त वाचक’. वाचकपणातून निवृत्त झाला की निवृत्त होऊन वाचक झाला, देव जाणे. त्याने पहिल्याच दिवशी सात परिच्छेदांचा मजकूर टाकला. त्याचं म्हणणं, सदर काटेकरी हा जबाबदार पदावरील कर्मचारी असून त्याने पाटीवरील नियम स्वतः वाचून घेऊन लगेच मोडला, सबब त्याचे तत्काळ निलंबन व्हावे आणि प्रसंग वगळणाऱ्या दिग्दर्शकाचे अभिनंदन करण्यात यावे. आई, ‘करण्यात यावे’! जादूच्या पुस्तकावर! पोरासोरांनी त्याची जी टर उडवली, विचारू नकोस. बिनबूटवाल्यांनाही कळेना, असला साथीदार मिरवायचा की लपवायचा.

मी मात्र ‘पारडं’ या माझ्या टोपणनावाने नीट उत्तर दिलं. म्हटलं, तो म्हातारा खिंड सोडून कधी कुठे जाऊच शकणार नाही. ज्याला थांबायचंच आहे त्याने निघालेल्या माणसाला आपलं चालणं दिलं, असा तो बूट आहे. त्यावर गृहस्थांनी विचारलं, की नायिकेजवळ काहीच कसं नव्हतं? प्रवासाला निघताना पुरेशी तरतूद न करणाऱ्या व्यक्तीची जबाबदारी यंत्रणेने का घ्यावी? मग माझ्या लक्षात आलं, की या भल्या माणसाने एकदम तिसरा खंडच उघडलाय! मी त्याला लिहिलं, आजोबा, आधी पहिले दोन वाचा, तिने काय काय कोणाला दिलं ते बघा, आणि मग निलंबन करा. त्यावर उत्तर आलं, ‘सूचना रास्त आहे. मुदत मिळावी.’

मी वर्कशॉपमध्ये इतकी हसले की हातातल्या झाडाची फांदी मोडली. सिनेमा लागल्यापासून पहिल्यांदाच हसले असेन.

माझ्या वाटणीचं बाबांवर जरा लक्ष ठेव.
तुझी,
ठकी


२९ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या निवृत्त माणसाचं वाचून मीही हसले. असली माणसं ऑफिसातून बाहेर पडतात, पण ऑफिस त्यांच्यातून बाहेर पडत नाही. तुझ्या बाबांना वाचून दाखवणार होते, पण सिनेमाचं त्यांना सांगायचं नाही म्हणालीस, म्हणून गप्प बसले.

इकडे नवीनच सुरू झालंय. खाकी कव्हरातलं एक पुस्तक परत गेलं आणि दोन आली. चेहऱ्यावरून आजारी वाटत नाहीत, उलट जरा तरतरीत दिसतात. परवा तर डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाले, धूळ आहे. मी रोज पुसते ती खोली!

मंगळवारी जेवताना एकदम विचारलं, की तू दुकानात कधी नियम मोडतेस का? मी म्हटलं, मोडायचे कशाला? दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या फ्रेमच्या दुरुस्तीचं बिल करायचं नाही, असा आमचा नियम आहे. त्याचा अर्थ असा की ती दुरुस्ती करायची नाही, हे काय मला कळत नाही? पण एक आजी दर आठवड्याला तसली फ्रेम घेऊन येतात, सैल झाली म्हणून. फ्रेम सैल नसते, त्यांना बोलायचं असतं. मी तोच स्क्रू पिळते, पुसून देते, आणि बिल करत नाही. नियम तंतोतंत पाळला.

तुझे बाबा चमचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. बघण्यासारखं माझ्यात काही उरलंय असं मला गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग ताट तसंच ठेवून उठले, आत गेले, आणि टकटक सुरू. निवलेलं अन्न नंतर तसंच खाल्लं, कुरकूर न करता. मला तर भीतीच वाटली.

अजून एक. तुझी पत्रं मी कपाटात वरच्या खणात ठेवते, अलीकडचं वर. काल बघते तर सिनेमाचं पहिलं पत्र वर, परवाचं त्याखाली. बाबांना विचारलं तर म्हणाले, पंख्याची पावती शोधत होतो. पंखा तर तू पाचवीत असताना घेतलेला!

मला काही उमगत नाही बाई. तू शहाणी आहेस, तुला काही अंदाज येतोय का?
तुझी,
आई


६ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

अंदाज आला. आई, तू आधी खुर्चीवर बस. उद्याच मिळावं म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतेय.

ते निवृत्त वाचक परत आले. पहिले दोन खंड वाचून आले. त्यांनी लिहिलं होतं, की संपूर्ण प्रकरण न वाचता अभिप्राय दिल्याबद्दल दिलगीर आहे. मग म्हणाले, पाटीवरील नियम पुन्हा तपासला असता त्यात ‘पारड्यात वस्तू पडली पाहिजे’ एवढेच म्हटले आहे. वस्तू कोणाची असावी, याबाबत नियम मौन बाळगून आहे. सबब काटेकऱ्याने नियम मोडलेला नसून तंतोतंत पाळलेला आहे, निलंबनाची सूचना मागे घेण्यात येत आहे, आणि मी यापुढे बूटवाला आहे. अगं, सगळ्या वेबसाइटवर जल्लोष झाला! इतकी वर्षं ही पोरं त्या प्रसंगाचा कीस काढतायत, पण हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तुझं पत्र मला त्यानंतर काही दिवसांनी मिळालं. स्क्रूवाल्या आजींपाशी आले आणि हात थांबला. तरी म्हटलं, योगायोग असेल.

मग शुक्रवारी एका बिनबूटवाल्याने लिहिलं, की जाहिरातीत तो बूट क्षणभर दिसला होता, खेळण्यातला वाटत होता, कापला तेच बरं. त्यावर निवृत्त वाचकांनी जे लिहिलं ते इथे उतरवते.

‘आपण ज्यास खेळणे म्हणता तो बूट एका मुलीने आपल्या आईच्या जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्याचे चामडे काढून शिवला आहे. बाहेरचे जाड पडत होते. ही मुलगी दातांचे साचे इतके सुबक करीत असे की तिचे शिक्षक ते कपाटात ठेवीत. ते सोडून ती या कामास गेली, तेव्हा काही लोकांना ते पटले नव्हते. त्या लोकांनी आता तीन खंड वाचले आहेत. आपण बूट शिवून पाहा, मग बोलू.’

आई, मी तिथेच बसले. खाली पडलेला भुसा कपड्यांना लागला, तरी उठवेना.

पण आता अडचण ऐक. पर्सची गोष्ट वर्कशॉपबाहेर तुझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. सिनेमावाल्यांच्या ऑफिसातून आमच्या हेडबाईंना फोन आला, की तुमच्याकडचं कोण बाहेर लिहितंय ते शोधा. (नाव वेगळंच आहे, पण सगळे त्यांना हेडबाई म्हणतात, कारण त्या आल्या की आपण नकळत उभे राहतो.) करारात स्पष्ट आहे, कामाबद्दल जाहीर बोलायचं नाही. पुढच्या आठवड्यात बुधवारी सगळ्यांना बोलावलंय. माझा करार याच महिन्यात संपतो आणि पुढच्या सिनेमाची माणसं आता निवडतायत. मी सांगणार आहे, ते माझे वडील आहेत. दुसऱ्या कोणावर संशय जाऊन चालणार नाही. मग काय व्हायचं ते होवो.

गंमत बघ. महिन्यापूर्वी मी कॉलेजात परत घेतात का विचारत होते. आता हे काम जाईल म्हणून रात्री उठून अवजारं पुसत बसतेय. कॉलेजची चौकशी केली नसलीस तर करू नकोस.

बाबांना बुधवारपर्यंत काही बोलू नकोस. त्यांना वाटेल, आपल्यामुळे झालं. आणि मला तर ते सगळ्यांना वाचून दाखवावंसं वाटतंय.
तुझी,
ठकी


८ एप्रिल

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. सांगितलं. तुझं पत्र हातात घेऊन सरळ आतल्या खोलीत गेले आणि समोर ठेवलं. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पत्राकडे, मग शर्टाचं वरचं बटण लावलं. पत्र वाचताना चेहरा असा पडला, की मी रागवायचं म्हणून गेले होते ते राहूनच गेलं. एवढंच म्हटलं, की माझ्या पर्सची गोष्ट साऱ्या जगाला सांगितलीत, पण मला सांगितलं नाहीत की तुम्हाला ती माहीत आहे.

मग आज दिवसभर लिहीत बसले, हाताने. फाडलेले कागद मी उचलले. सोबत एक पत्र तुला, आणि एक बंद पाकीट तुमच्या हेडबाईंना. द्यायचं की नाही ते तू ठरव. बुधवारच्या आत मिळावं म्हणून कुरिअरच्या दुकानात ते स्वतः जाणार आहेत, आणि पाकीट तिथल्या माणसाच्या हातातून पुढे जाईपर्यंत हलणार नाहीत, लिहून ठेव.

माझा जीव टांगणीला लागलाय. ऐकलंस का, बुधवारी लगेच लिही.
आई


८ एप्रिल

विषय: काटेकऱ्याच्या बुटाबाबत.
संदर्भ: तुझे आईस आलेले ४ मार्चचे पत्र (परवानगीशिवाय, दोनदा वाचले).

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

उपरोक्त विषयास अनुसरून लिहितो, की मजकडून झालेल्या प्रकाराने तुझ्या नोकरीस बाधा येण्याचा संभव निर्माण झाला आहे. त्याची सर्व जबाबदारी माझी आहे. तुमच्या प्रमुख बाईंस स्वतंत्र अर्ज केला आहे. त्यात तुझा दोष नाही हे सहा मुद्द्यांत मांडले आहे. सातवा मुद्दा होता, तो खासगी वाटल्याने काढला.

तू लहानपणी ते पुस्तक वाचायचीस तेव्हा मी एकदाही विचारले नाही की त्यात काय आहे. सिनेमातून तुझे काम कापल्याचे कळल्यावर काय कापले ते बघावे म्हणून तिसरा खंड आणला. मला वाटले होते, अर्ध्या तासाचे काम. पुढे काय झाले ते तुला माहीत आहे. ‘पारडं’ या नावाने माझ्याशी वाद घालणारी व्यक्ती कोण, हे मला ठाऊक नव्हते. ती व्यक्ती मला फार हुशार वाटली. तिने मला आजोबा म्हटले त्याचे थोडे वाईट वाटले, पण बाकी तिचे मुद्दे बिनतोड होते. आईने काल सांगितले तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेलो.

दावा तपासताना शेवटचे पान आधी वाचू नये, असे मी नव्या कारकुनांना शिकवीत असे. तुझ्या बाबतीत मी तेच केले. एवढे एकच लिहिण्यासाठी चार कागद फाडले.

पहिल्या खंडात ती आपले कांबळे ज्या मुलास देते, त्याचे पुढे काय होते? मी चौथ्या खंडात आहे. सांगू नकोस.

बुधवारी निर्णय प्रतिकूल लागल्यास घरी ये. अनुकूल लागल्यास मी तिकडे येतो. दोन्ही चालेल.

तुझा,
बाबा


१५ एप्रिल

ती. बाबांस आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

आधी निकाल: अनुकूल! जीव भांड्यात पडू दे, मग पुढचं वाचा.

हेडबाईंच्या खोलीत आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे होतो. टेबलावर बाबांचा तो मजकूर छापून ठेवलेला. बाईंनी विचारायच्या आतच मी म्हटलं, की हे माझ्या वडिलांनी लिहिलंय, आणि पाकीट पुढे केलं. त्यांनी उघडलं. सहाही मुद्दे वाचले. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि चौथा मुद्दा पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, की इतक्या वर्षांत माझ्याकडे रजेचे, पगाराचे, भांडणाचे अर्ज आले, पण मुलीच्या वतीने कोणाच्या बापाने स्वतःवर कारवाई मागितल्याचा हा पहिलाच.

त्यांनी करार मागवला आणि वाचून दाखवला. अट कामगारांना आहे, त्यांच्या घरच्यांना नाही, आणि घरी लिहायचं नाही ही अट सिनेमा लागेपर्यंतच होती. मी लागल्यावर लिहिलं. बाबा, तुम्ही असता तर तुम्हीही हाच निकाल दिला असता, तोही पोटकलमासकट. मी टोपणनावाने भांडत होते तेही मी सांगून टाकलं. त्यावर बाई म्हणाल्या, की ते मी ऐकलेलं नाही आणि यापुढे ऐकायचीही इच्छा नाही. रंगकाम करणारा तेवढ्यात फिसकन हसला आणि सगळं दडपण उतरलं.

फोन का आला होता तेही कळलं. बाबांचा मजकूर वाचून तो बूट बघायचाय म्हणून शेकडो लोकांनी सिनेमावाल्यांना लिहिलं. त्यांना आधी वाटलं, आपल्यातल्याच कोणीतरी आग लावली. आता ठरलंय, की घरी बघायच्या आवृत्तीत शेवटी वगळलेले प्रसंग म्हणून खिंडीचा तो भाग देणार. मूळ सिनेमात नाही, पण आहे तसा, अख्खा. आणि पुढच्या सिनेमाच्या यादीत माझं नाव घातलंय. बाई म्हणाल्या, की तुझ्या नावावर खूण मी सिनेमा लागायच्या आधीच केली होती, उगाच आठवडाभर घाबरत होतीस. आता हे आधी सांगायला काय झालं होतं!

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. रडले नाही. भूक लागली होती, इतकी की शेजारच्या दुकानातून पाव घेऊन नुसताच खाल्ला.

बाबा, निर्णय अनुकूल आहे. तिकीट काढा. इस्त्रीचा शर्ट आणू नका, इथे सगळ्याला सरस लागतं. आणि तो काढलेला सातवा मुद्दा मला तोंडी सांगा.
तुमची,
ठकी


२७ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्याकडे जाऊन माणूस मला विसरला की काय असं वाटत होतं, पण त्यांचंही चार ओळींचं आलं. त्यात तुझ्या खोलीचं छप्पर कुठे गळतं, वर्कशॉपमध्ये आग विझवायची नळकांडी कुठे हवीत, आणि हेडबाई कशा अत्यंत समंजस अधिकारी आहेत, हे सगळं होतं. तू वाळलीस की जाड झालीस ते नव्हतं. तुझ्या पत्रावरून कळलं, की काट्याच्या घराच्या मॉडेलपुढे हात मागे बांधून बसून राहिले आणि जेवायलाही उठेनात. रंगकाम करणाऱ्या मुलाने त्यांना एक झुडूप रंगवायला दिलं आणि त्यांनी ते दिल्याची पावती म्हणून सही मागितली, हे वाचून मी दुकानात इतकी हसले की मालकांनी पाणी आणून दिलं.

सातवा मुद्दा काय होता ते तू मला लिहिलं नाहीस. बापलेकीत राहू दे. मी विचारणार नाही. म्हणजे आठवडाभर तरी.

त्यांना इतक्यात परत पाठवू नकोस. मी मजेत आहे. महिनाभर छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत होतं, आता कशी गाढ झोप लागते. घर शांत आहे, खोलीचं दार उघडं आहे, आणि खाकी कव्हरातला पहिला खंड टेबलावरच पडला होता. लायब्ररीत परत द्यायचा म्हणून पिशवीत घातला, आणि चहा उकळेपर्यंत म्हणून उघडला. चहा उतू गेला. आज दुकानातही घेऊन गेले होते, काउंटरखाली.

आता एक सांग. ती पोरगी पहिल्याच गावात आपला वाडगा त्या सराईवाल्या बाईला देऊन टाकते, त्याचा अर्थ तुम्ही लोक काय लावता? दानशूरपणा, असंच म्हणत असाल. मला अजिबात पटलेलं नाही. त्या बाईला वाडगा नकोच होता. ती पोरीच्या तोंडाकडे बघत होती, जेवली आहे का म्हणून. हे तुमच्या वेबसाइटवर कोणी लिहिलंय का? नसेल तर मला तिथे कसं जायचं ते सविस्तर लिही. टोपणनाव मी ठरवून ठेवलंय.

यांना हे इतक्यात सांगू नकोस. आणि पुढचं काय होतं ते दोघांनीही तोंडातून काढाल तर बघा.

दोघांवरही माझा सारखाच जीव आहे, पण आज जरा त्या सराईवाल्या बाईवर जास्त आहे.
तुझी,
आई